मामांची बस, भाच्याची ट्रॅव्हलर

[कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. अर्धवट उघडं शटर, आत पिवळी बस.]

ग्राइंडर सुरू झाला की या गल्लीत माणसं हातवाऱ्यांनी बोलायला लागतात. बसच्या पोटात मिस्त्री उकिडवा बसलाय. सीटच्या पायातला बोल्ट गंजून पत्र्याशी एक झालाय. पाना लावला की डोकंच गोल होतं, मग कापायचा. एका सीटला चार बोल्ट, सीट सोळा. ठिणग्या पडद्यावर छान दिसतात, पण दोन अख्खे दिवस यातच गेले.

ही बस तेरा वर्षं शाळेची पोरं वाहत होती. आता तिचं फिरतं घर व्हायचंय. शेवटची सीट निघाली तेव्हा खाली सापडलेला ऐवज हा: दोन खोडरबर, कंपासपेटीतला गुण्या, एक रुपयाचं नाणं आणि मूठभर बोराच्या आठोळ्या. मामींनी नाणं धुऊन पदराला बांधलं. ते पुढे देवाच्या फळीवर दिसेल.

[मामा, ड्रायव्हरच्या सीटवर. मागे रिकामी बस.]

मामा एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर मामींना घेऊन फिरायचं, हे केव्हाच ठरलेलं. कशातून, हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता.

"गाडी म्हंजे उंचावर बसाय पायजे. म्होरचं दिसाय पायजे."

भाचा पुण्यात संगणकावर नोकरी करतो. घरात बायको आणि पाच वर्षांची मुलगी. त्याला त्याच कामासाठी हवी होती टेम्पो ट्रॅव्हलर. "मामा, बस घ्याल हो, पण वळवाल कुठं?" वाद एका बारशाच्या पंगतीत सुरू झाला आणि घराघरांत मिटतो तसाच मिटला: दोघांनीही आपापलं केलं. आम्ही कॅमेरा घेऊन मागे लागलो.

मामांच्या डोक्यात हे आलं कुठून, तेही सांगायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी बंद झाले, तेव्हा एसटीनं आपल्याच जुन्या बसच्या सीट काढून मालवाहू गाड्या केल्या. मामांच्या वाट्याला अशीच एक आली. आरशात बघावं तर मागे माणूस नाही, कंडक्टर नाही, घंटी नाही. नुसती लांबच लांब मोकळी जागा.

"तवाच म्हनलं, हिच्यात घर मावतंय."

मग एसटीच का घेतली नाही? १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. तेव्हापासून घराघरांत एक तरी माणूस एसटीतला असतोच, आणि मामांसारख्यांना तर दुसरी गाडी गाडी वाटतच नाही. पण १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाड्यांची नोंदणीच रद्द होते. एसटी महामंडळाच्या बसही त्यात आल्या. नोंदणी गेली की गाडी मान्यताप्राप्त भंगार केंद्रात. पुण्यात २०१६ पासून पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, काही जुन्या बसना बायकांसाठीच्या स्वच्छतागृहांचं रूप मिळालं, पण त्या एका जागी उभ्या राहणाऱ्या. चालती एसटी मामांना मिळेना. म्हणून ही शाळेची बस.

[फरशी उचकटताना. खाली गंज.]

जुनी प्लाय निघाली आणि खालचं खरं रूप दिसलं. मधल्या पट्ट्यात, जिथं पोरांच्या ओल्या चपला-बुटांची ये-जा, तिथं पत्र्याची चाळण. मिस्त्री हातोडीच्या मागच्या टोकानं ठोकत जातो. टण्ण वाजलं तर पत्रा जिवंत, बद्द वाजलं तर खडूची फुली. सकाळभरात सतरा फुल्या. मग तेवढे तुकडे कापायचे, नवा पत्रा वेल्ड करायचा, तारेच्या ब्रशनं घासायचं, वर रेड ऑक्साइडचे दोन हात. जुनी बस घेणाऱ्यानं सोफा-पडद्यांची चित्रं बघण्याआधी एक हातोडी घेऊन जावं, एवढं आमचं ऐका.

छताचं आणखी वेगळं. बसचं छत रिबिटांवर जोडलेलं, आणि प्रत्येक रिबिट म्हणजे पाण्याला एक वाट. इथं कुठलं यंत्र नाही. मामा शिडीवर, हातात बागेचा पाइप. आत मामी, हातात खडू. बाहेरून हाक, "आलं का?" आतून, "न्हाई." "आता?" "न्हाई." "आता?" आणि मामी एकदम डोक्यावरचा पदर सावरतात.

[मामी हसतात. आवाज तसाच ठेवायचा.]

पाणी जिथं पडतं तिथंच गळत असतं असं नाही. ते आतल्या चॅनेलवरून घरंगळत चार फूट लांब येऊन टपकतं. म्हणून पाइप खालून वर न्यायचा, एकेक ओळ धरत. नाहीतर भोक एकीकडे आणि सिलिकॉन दुसरीकडे.

त्यानंतर पोट भरणं, म्हणजे इन्सुलेशन. बॉक्स पाइपच्या सांगाड्यामधल्या खणांत फोमचे तुकडे बसवायचे, त्यावर पातळ प्लाय. नुसता पत्रा ठेवला तर दुपारी तवा आणि पहाटे त्याला आतून घाम. यात डोक्यावरची दोन आणि पायाखालची एक इंच उंची जाते. बसमध्ये ती द्यायला असते. मामींचे गुडघे दुखतात, त्या वाकून स्वयंपाक करू शकत नाहीत. ओट्याची उंची त्यांच्या कोपराला धरून घेतली, टेप लावून नाही.

[आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा आकडा, जवळून.]

या फ्रेमवर जरा थांबू. एकूण वजनाचा हा आकडा ७,५०० किलोच्या आत असेल तर गाडी हलकी, कारचं लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ही मर्यादा पुन्हा पक्की केली. मामांच्या बसचा आकडा त्याच्या वर जातो. त्यांच्याकडे जड वाहनाचा परवाना आहे, त्यामुळे अडत नाही. पण मामांना ताप आला तर बस जिथल्या तिथं उभी. ट्रॅव्हलर भाचा चालवतो आणि तो दमला की त्याची बायको.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. नोंदणीही कॅम्पर व्हॅन, म्हणजे फिरतं घर, म्हणून बदलून घ्यावी लागते. त्या चकरा दोघांनीही मारल्या.

[पुणे. पांढरी ट्रॅव्हलर, मागचं दार उघडं.]

आता भाचा. ट्रॅव्हलर पुण्याच्याच कंपनीची. न. के. फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली आणि 'टेम्पो' हा शब्द मराठीत असा मुरला की आपण कुठल्याही कंपनीच्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. ट्रॅव्हलर आली १९८७ मध्ये. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण वऱ्हाडाला आणि अष्टविनायकाला लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच सांगतात.

भाच्याची सतरा सीटची होती. सीट दुपारपर्यंत निघाल्या. पत्रा सलग, गंज नावालाही नाही. खरं डोकं खाल्लं ते पलंगानं. ट्रॅव्हलरला आतून अस्तर लावलं की आडवी सहा फूटही जागा उरत नाही, आणि भाचा सहा फुटांचा. मग झोपायचं लांबीत. पलंग लांबीत गेला की ओटा एका बाजूला जातो, मधे एकाच माणसापुरती वाट राहते. एकजण चहा करत असेल तर दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. मामांच्या बसमध्ये पलंग आडवा बसला, आणि उरलेल्या जागेत मामींनी जात्याएवढी का होईना, खाली मांडी घालून बसायची जागा काढली.

वजनाचंही बघा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. जी गाडी बत्तीस पोरं आणि सोळा सीट घेऊन चालायची, तिला हे काहीच नाही. ट्रॅव्हलरमध्ये भाच्यानं ऐंशी लिटरवर हात आखडला. छतावर सोलरची पाटी साधारण दोन मीटर लांब आणि मीटरभर रुंद असते. बसवर चार बसल्या, ट्रॅव्हलरवर दोन, आणि त्यातही मधे पंख्याची झडप.

खर्च दोघांचाही ठरवल्याच्या बाहेर गेला.

[आंबा घाट, सकाळचं धुकं. बस पुढे, ट्रॅव्हलर मागे.]

डिसेंबरातली सकाळ. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट. घाटमाथ्यावर दोन्ही गाड्या थांबल्या, वडापाव झाला. इथून खाली साखरप्यापर्यंत उतार. मामांचा नियम जुना: ज्या गिअरात चढ चढाल त्याच गिअरात उतरा. बस दुसऱ्या गिअरात हुंकारत निघाली. ब्रेकवर पाय कमीच. प्रत्येक वळणाआधी मामा स्टेअरिंग आधी सोडतात की काय असं वाटतं, आणि मग एकदम, सावकाश, सगळा हात फिरवून वळतात. मागचं चाक आत कापतं, म्हणून पुढचं आधी बाहेर न्यायचं. हे त्यांना सांगावं लागत नाही. आम्ही एक अख्खं वळण न कापता ठेवलंय, बघा.

[वळण. चाळीस सेकंद. निवेदन नाही.]

ट्रॅव्हलर याच वळणावरून कारसारखी गेली. त्यात दाखवण्यासारखं काही नाही, आणि खरं तर तीच तिची बाजू आहे.

राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या टोल नियमांत कारचा मूळ दर किलोमीटरला ६५ पैसे धरला होता, मिनीबसचा १ रुपया ५ पैसे आणि बस-ट्रकचा २ रुपये २० पैसे. दर पुढे वाढत गेले, उतरंड तीच. डिझेल मामींच्या वहीत आहे: बस लिटरला सहाच्या आसपास, ट्रॅव्हलर दहा.

[आरे-वारे, ड्रोन. डावीकडे समुद्र.]

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा हा रस्ता. वरून दोन्ही गाड्या काड्यापेटीएवढ्या दिसतात. मामा आयुष्यात इथून कितीदा गेले असतील, पण थांबले कधीच नव्हते. वेळापत्रकात थांबा नव्हता.

२०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे अशा फिरत्या घरांतून हिंडण्याचं, धोरण आणलं. आमचे मुक्काम मात्र देवळाच्या आवारात, खानावळीच्या मागे आणि ओळखीच्यांच्या दारात झाले. ट्रॅव्हलर कुठंही मावली. बससाठी दर संध्याकाळी मामा आधी चालत जाऊन जागा बघून यायचे: वर तारा किती खाली, फांदी कुठं, आणि सकाळी बाहेर कसं पडायचं. एका वाडीत केबलची तार बांबूनं उचलून धरायला चार पोरं धावली. बस गेल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅव्हलरसाठी कोण टाळ्या वाजवणार!

[जयगड जेट्टी. ओहोटी.]

जयगडहून पलीकडे तवसाळ, मधे शास्त्री नदीची खाडी. फेरीबोटीवर गाड्या रिव्हर्समध्ये चढवतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. भाचा एका दमात चढला.

ओहोटीला बोट खाली जाते आणि जेट्टीचा उतार तीव्र होतो. बसचं मागचं चाक आणि तिचं शेपूट यांत बरंच अंतर असतं. हे शेपूट आधी टेकतं. बोटीवरचा माणूस हात हलवतोय, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, थांबा!" खालून खर्रर्र. मामा उतरले, वाकून बघितलं, काही बोलले नाहीत. बोटीवरच्या माणसानं दोन फळ्या आणल्या, चाकांखाली सारल्या. मामांनी आरशात बघितलं, मग आरसा सोडून खिडकीबाहेर डोकं काढलं, आणि बोटभर, बोटभर घेत बस वर आणली. बोटीवरच्या कुणीतरी विचारलं, "एसटीत होतात काय हो?"

मामांचा चेहरा इथं आहे, त्यावर आम्ही बोलत नाही.

[गुहागर. चिऱ्यांचे गडगे, माडाच्या वाड्या.]

शेवटचा मुक्काम भाच्याच्या मित्राकडे. दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणारी वाट. ट्रॅव्हलर आरसे मिटून थेट अंगणात. बस रस्त्यावरच, दोनशे पावलं मागे, एका आंब्याखाली. मामींनी पिशव्या हातात घेऊन ती दोनशे पावलं चारदा केली.

रात्री मात्र सगळे बसमध्येच आले. मित्र, त्याची आई, शेजारची दोन माणसं, भाच्याची मुलगी. नऊ जण मोजले. मामींनी उभ्यानं भाकरी थापल्या. वर फळीवर देव, देवापुढे ते एक रुपयाचं नाणं. भाच्याची बायको खाली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मामी, आमच्यात कुणी आलं तर त्याला स्टेअरिंगपुढं बसवावं लागतं."

त्या हिवाळ्यानंतर ट्रॅव्हलर दर महिन्याला निघते. बस वर्षातून दोनदा.

[पहाट. ट्रॅव्हलरचे मागचे दिवे वाटेच्या टोकाला दिसेनासे होतात.]

भाचा दापोलीकडे निघाला, धोपाव्याची पहिली बोट गाठायला. मामांना कोल्हापूर. बसचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभरात हवा उतरते, आणि काटा वर येईपर्यंत गाडी हलवायची नसते. इंजिन सुरू आहे. मामा खाली उतरून पुढची काच वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसतायत. मामी पायरीवर, हातात दोन कप.

"झाली का हवा?"

"हुतीय. च्या दे तवर."