लॅक्रोसचा येता हंगाम: स्कोअरच्या वहीतून दिसणारी आपली टीम

(न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळात फेब्रुवारीअखेर, हायस्कूलमधल्या मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. बाहेर पार्किंगमध्ये अजून बर्फाचे ढीग आहेत आणि मी मैदानी खेळाबद्दल बोलायला उभा आहे. पण बोलायची वेळ हीच. मार्चच्या मध्यावर सराव सुरू होतो, महिनाअखेरीस सामने, मेच्या शेवटी बाद फेरी. अडीच-तीन महिन्यांत सगळा कारभार आटोपतो. एप्रिलमध्ये जागं झालेल्या मुलाचा अर्धा हंगाम हातचा गेलेला असतो.

मी सांगलीकडचा. खो-खो खेळत आणि कुस्त्यांची मैदानं बघत वाढलो. लॅक्रोस हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तो मुलगा सातवीत जाळीची काठी घेऊन घरी आला तेव्हा. पुढे तो हायस्कूलच्या टीममध्ये गेला आणि कोचनं मला विचारलं, स्कोअर टेबलावर बसाल का? बसलो. आता मुलगा कॉलेजात आहे, वही मात्र माझ्याकडेच राहिली. हा माझा सातवा हंगाम. आज जे सांगणार आहे ते त्या वहीतून आणि टचलाइनवर उभं राहून कळलेलं आहे.

नव्या पालकांसाठी खेळ थोडक्यात सांगतो. काठीच्या टोकाच्या जाळीत चेंडू घेऊन पळायचं, एकमेकांकडे फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा. दहा-दहा मुलं. तीन अटॅकला, तीन मिडफिल्डला, तीन डिफेन्सला आणि एक गोली, म्हणजे गोलरक्षक. मैदान 110 यार्ड लांब, गोल सहा फूट बाय सहा फूट. बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर. बहुतेकांच्या काठ्या साडेतीन फुटांच्या आत, पण डिफेन्सच्या मुलांना सहा फुटांपर्यंतची लांब काठी चालते. अशा लांब काठ्या मैदानात एका वेळी चारच. आणि ऑफसाइडच्या नियमामुळे सगळ्यांना एकाच टोकाला गर्दी करता येत नाही. चार जण आपल्या बाजूला आणि तीन जण पलीकडे राहायलाच लागतात. बाकीचं बघता बघता कळेल.

आता मुद्द्याचं. डिसेंबरपासून जो भेटतो तो एकच विचारतो: गेल्या वर्षी सगळ्यात जास्त गोल करणारी दोन्ही पोरं ग्रॅज्युएट होऊन शाळेतून गेली, यंदा आपलं कसं होणार? मला या प्रश्नाचं वाईट वाटतं, कारण मीसुद्धा पहिले तीन हंगाम असाच विचार करायचो. वहीत गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास, मन लावून लिहायचो, बाकीचे रकाने घाईघाईत भरायचो. तिसऱ्या वर्षी बाद फेरीत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. त्या रात्री पूर्ण वही काढून बसलो. गोल करणारी पोरं हरलेल्या सामन्यांतही गोल करत होती. हरलेल्या आणि जिंकलेल्या सामन्यांत फरक दिसत होता तो दुसऱ्याच रकान्यात. त्या रकान्याचं नाव ग्राउंड बॉल.

चेंडू कुणाच्याच जाळीत नसतो, गवतावर घरंगळत असतो, आणि दोन-तीन पोरं त्याच्यावर तुटून पडतात. तो जो उचलतो त्याच्या नावावर ग्राउंड बॉल. दिसायला क्षुल्लक. पण जवळून बघा. चांगला मुलगा धावत येतो, गुडघ्यात वाकतो, काठीचं मागचं टोक जमिनीला जवळजवळ टेकवतो आणि वेग कमी न करता चेंडूच्या आरपार निघून जातो. फावड्यानं बर्फ उचलतो ना आपण, अगदी तसं. फावडं तिरकं धरलं तर वर काही येत नाही. कच्चा मुलगा चेंडूपाशी येऊन थांबतो आणि एका हातानं काठी आपटत राहतो. तो थांबला की मागून आलेला धक्का त्याला बसतो आणि चेंडू तिसऱ्याच्या जाळीत जातो. आवाजही ऐकत जा. एक मुलगा 'बॉल' ओरडतो, म्हणजे चेंडू मी घेतोय. दुसरा 'मॅन' ओरडतो, म्हणजे त्यांच्या माणसाला मी अडवतोय. चेंडू जाळीत आला की 'रिलीज'. हे तीन शब्द ज्या टीममधून ऐकू येतात ती टीम मेपर्यंत टिकते, असा माझा अनुभव आहे. गेल्या वर्षीच्या आपल्या ग्राउंड बॉलच्या यादीत वरची चार नावं काढून बघितली. चारपैकी तिघं यंदा आहेत. म्हणून मला गेलेल्या दोन अटॅकवाल्यांची लोकांइतकी धास्ती वाटत नाही.

दुसरी गोष्ट फेस-ऑफ. सामन्याच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर दोन मुलं मध्यरेषेवर समोरासमोर वाकतात, काठ्या जमिनीवर, मध्ये चेंडू. पंच 'सेट' म्हणतो, शिट्टी वाजते. फुटबॉलमध्ये गोल खाल्ला की चेंडू तुम्हाला मिळतो. इथे तसं नाही, गोल खाऊनही चेंडू झगडून मिळवावा लागतो. हिशेब करा. समजा 10-8 असा सामना झाला. अठरा गोल म्हणजे वीसच्या आसपास फेस-ऑफ. त्यातले तेरा आपण जिंकले आणि सात त्यांनी, तर आपल्याला सहा वेळा जास्तीचा ताबा मिळाला. तीन ताब्यांमागे एक गोल धरला तरी ते दोन गोल झाले. म्हणजे तो सामना तिथेच फिरला.

आपला फेस-ऑफचा मुलगा यंदा ज्युनिअर, म्हणजे अकरावीत, आहे आणि हिवाळाभर कुस्तीच्या मॅटवर होता. मी त्याला जानेवारीत बघायला गेलो होतो. खाली वाकल्यावर त्याची कंबर कुठे असते, वजन पंजावर कसं येतं, हे बघून मला आमच्या गावची तालीम आठवली. तांबड्या मातीत वस्ताद पोरांना सांगायचे, हात नंतर, आधी पाय. फेस-ऑफही तसाच आहे. मनगट लागतंच, पण शिट्टीनंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात जो खाली राहतो तो जिंकतो. या मुलाकडून मला खूप आशा आहे. घरी मुलगा कुस्ती करतो म्हणून लॅक्रोसला वेळ देत नाही अशी तक्रार असेल, तर करू नका. तो लॅक्रोसचीच तयारी करतोय.

तिसरा गोली, आणि इथे मला खरी काळजी आहे. गेल्या वर्षीचा गोली गेला. यंदाचा सोफोमोर, म्हणजे दहावीतला, आहे, त्यानं व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, एकही पूर्ण सामना खेळलेला नाही. हायस्कूलमध्ये गोलीनं आलेल्या शॉटपैकी निम्म्याहून थोडे जास्त अडवले तर कोच खूश असतो. म्हणजे चांगल्या गोलीवरही गोल होतच राहतात आणि त्याला दर पाच मिनिटांनी मागे वळून जाळीतून चेंडू काढावा लागतो. पंधरा वर्षांच्या पोरानं हे सगळ्यांसमोर करायचं असतं. मी त्याला शनिवारी शाळेच्या जिममध्ये बघितलं. असिस्टंट कोच हातभर अंतरावरून टेनिसचे चेंडू फेकत होता आणि हा काठीच्या जाळीऐवजी नुसत्या हातानं झेलत होता, डोळे मिटू नयेत म्हणून. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. विचारलं तर म्हणाला, काका, आता दुखत नाही. पहिल्या चार-पाच सामन्यांत तो गोल खाईल. तेव्हा टचलाइनवरून कुणी काही बोलू नका, एवढी विनंती करायला मी आज उभा आहे असं समजा. गोलीला डिफेन्सला सतत सांगत राहावं लागतं: चेंडू कुठे आहे, कुणी मदतीला सरकायचं. ज्याला मागून टोमणे ऐकू येतात तो गप्प होतो, आणि गप्प गोलीच्या समोर तीन लांब काठ्या असूनही कोण कुठे सरकतोय ते कुणालाच कळत नाही.

डिफेन्स चांगला आहे. तिघांपैकी दोघं सीनिअर, म्हणजे बारावीतले, एकमेकांना ओळखून आहेत. पेनल्टी मिळाल्यावर चूक करणारा थोडा वेळ बाहेर बसतो आणि एक गडी कमी करून बचाव करायचा असतो. तांत्रिक चुकीला तीस सेकंद, काठी मारण्यासारख्या चुकीला एक ते तीन मिनिटं. कबड्डीत तीन गडी उरल्यावर जसा सुपर टॅकलचा डाव टाकतात, साखळी धरून, तसा हा बचाव. गेल्या वर्षी यातच आपण बरे होतो. फक्त पेनल्ट्या कमी करा, हे मी मुलांना सांगून थकलो.

आता बाकीच्या शाळांचं. वर कोण असणार हे सांगायला ज्योतिषी नको. मॉरिसटाउनची डेलबार्टन, रॅमझीची डॉन बॉस्को, ओराडेलची बर्गन कॅथलिक, वेस्ट ऑरेंजची सीटन हॉल प्रेप या खासगी शाळा; सार्वजनिक शाळांत समिट, रिजवुड, चॅटम आणि माउंटन लेक्स. खासगी शाळांत मुलं लांबलांबून येतात, त्यांच्याशी आपली तुलना नको, बाद फेरीतही त्यांचा गट वेगळा असतो. पण माउंटन लेक्सकडे जरूर बघा. छोटं गाव, छोटी शाळा, तरी पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या फळीत. कारण तिथे मूल दुसरी-तिसरीत असतानाच हातात काठी येते. आपल्या गावात ती सातवीत येते. आपला खरा तोटा तिथे आहे, आणि तो एका हंगामात भरून निघत नाही. गावच्या लहान मुलांच्या टीमला कोच हवेत. ज्यांच्याकडे शनिवारची सकाळ आहे त्यांनी नंतर मला भेटा.

मग माझा अंदाज काय? सुरुवात रडतखडत होईल. थंडीत बोटं बधीर, गवताचं मैदान ओलं, चेंडू जाळीतून निसटणार, नवा गोली. पहिल्या चारपैकी तीन हरलो तरी मला नवल वाटणार नाही. एप्रिलच्या सुट्टीनंतर मिडफिल्डची दुसरी फळी जमली आणि फेस-ऑफ आपल्या बाजूला राहिला, तर मेमध्ये आपण बहुतेकांना भारी पडू. बाद फेरीचा पहिला सामना घरच्या मैदानावर मिळेल एवढं मानांकन यावं, आणि तो सामना जिंकावा. त्यापलीकडचं मी आज बोलणार नाही.

एक गोष्ट आयांनी विशेष विचारली होती, सुरक्षेची. जुनं सामान घेऊ का? काठी घ्या, ग्लोव्ह्ज घ्या. खांद्याचं आणि छातीचं पॅड मात्र बघून घ्या. कडक रबराचा चेंडू हृदयाच्या ठोक्यातल्या एका नेमक्या क्षणी छातीवर बसला तर हृदय थांबू शकतं. फार क्वचित होतं, पण धडधाकट मुलाचं होतं. म्हणून 2022 पासून मैदानातल्या सगळ्या मुलांना एनडी-200 या मानकाचं पॅड सक्तीचं आहे, गोलींना त्याच्या एक वर्ष आधीपासून. त्यावर तसा शिक्का असतो. मोठ्या भावाचं जुनं पॅड कपाटात असेल तर शिक्का शोधा. नसेल तर ते टाकून द्या, पैसे वाचवायची ही जागा नाही.

आणि कॉलेजचं. आठवीपासून मुलाचे व्हिडिओ कोचना पाठवायची घाई करू नका. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, कोचना अकरावीच्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपर्यंत मुलाशी संपर्कच करता येत नाही; 2017 पासून तसा नियम आहे. शेजारच्या प्रिन्स्टननं 1992 ते 2001 या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, पण तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, आणि प्रवेशाला अभ्यासही भक्कम लागतो. म्हणून गणित आणि निबंध सांभाळा.

मुलांनो, तुमच्याशी एक बोलायचंय. ही काठी कुणाची आहे ते विसरू नका. युरोपीय लोक इथे यायच्या कितीतरी आधीपासून होडेनोशोनी आणि इतर मूलनिवासी लोक हा खेळ खेळत होते. त्यांच्यासाठी तो निर्मात्यानं दिलेला खेळ आहे, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून खेळायचा. 1867 मध्ये माँट्रिअलच्या एका दंतवैद्यानं, विल्यम जॉर्ज बीअर्स यानं, नियम छापले आणि खेळ त्यांच्या हातून हळूहळू काढून घेतला गेला. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये होडेनोशोनींपैकीच मोहॉक खेळाडूंची टीम होती, तिला कांस्यपदक मिळालं. आणि 2010 मध्ये जागतिक स्पर्धेला निघालेल्या होडेनोशोनींच्या टीमला मँचेस्टरला जाता आलं नाही, कारण त्यांचे स्वतःचे पासपोर्ट ब्रिटननं मानले नाहीत. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये हा खेळ सहा-सहा जणांच्या रूपात ऑलिंपिकमध्ये परत येतोय. ते सामने बघाल तेव्हा हे आठवा.

तोवर भिंत आहे. शाळेच्या मागची विटांची भिंत, रोज पन्नास उजव्या हातानं आणि पन्नास डाव्या. गेल्या रविवारी तिथून जात होतो, बर्फ बाजूला सारून दोन पोरं चेंडू मारत होती. ठप, ठप, ठप, न चुकता. डावा हात आला की एकाचा ताल जरा अडखळत होता. तो आपला नवा गोली होता.

पहिला सामना घरच्या मैदानावर आहे. ब्लँकेट आणा, थर्मासमध्ये चहा आणा. मी मध्यरेषेपाशी टेबलावर असेन. हाफटाइमला या, ग्राउंड बॉलचा रकाना दाखवतो.