राज्यमंत्री : टिप्पणीवरची शेवटून दुसरी ओळ

(दृश्य : सरकारी नस्तीतल्या, म्हणजे फाइलमधल्या, टिप्पणीचं शेवटचं पान, अगदी जवळून)

टिप्पणी संपते तिथे पदनामं एकाखाली एक येतात. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव. मग 'मा. राज्यमंत्री' आणि सर्वांत शेवटी 'मा. मंत्री'. प्रत्येकासमोर सहीपुरती जागा.

यातली शेवटून दुसरी ओळ नीट पाहा. ती कधी असते, कधी नसते. असली, तर त्या विषयात राज्यमंत्र्याला अधिकार आहे. नसली, तर नस्ती सचिवांकडून थेट मंत्र्यांच्या दालनात जाते आणि राज्यमंत्र्याला विषय कळतो तो निर्णय होऊन गेल्यावर. शपथ झालेली असते, गाडी आणि बंगला मिळालेला असतो, दारावर पाटीही लागलेली असते. तरी ही ओळ नसेल, तर त्या खात्यात त्याचं काही चालत नाही.

(दृश्य : जुनं सचिवालय, मुंबई)

आधी शब्दाचा उलगडा करू, कारण गोंधळाची सुरुवात तिथेच होते. दिल्लीत बसणारा माणूस 'केंद्रीय राज्यमंत्री' कसा? इथलं 'राज्य' म्हणजे महाराष्ट्र किंवा कर्नाटक नव्हे. 'मिनिस्टर ऑफ स्टेट' या पदनामातल्या 'स्टेट'चं ते शब्दशः भाषांतर आहे आणि तिथे त्याचा अर्थ राज्यसंस्था, म्हणजे देशाचा कारभार. ब्रिटनमध्ये हे पद आलं दुसऱ्या महायुद्धात. मे १९४१ मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांना ते मिळालं, तेव्हा ते युद्धमंत्रिमंडळाचे सदस्य होते. म्हणजे पद वरच्या पायरीवरचं होतं. दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, परराष्ट्र खात्यात रिचर्ड लॉ यांना हेच पदनाम परराष्ट्रमंत्र्यांच्या हाताखाली दिलं गेलं. पुढे रूढ झाला तो हा दुय्यम अर्थ, आणि आपल्याकडे आला तोही हाच.

आपल्याकडे दुय्यम मंत्र्याची कल्पना त्याच्याही आधीची आहे. १९१९ च्या कायद्याने प्रांतांच्या गव्हर्नरांना कौन्सिल सेक्रेटरी नेमण्याची मुभा दिली होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा मंत्र्यांच्या मदतीला आमदारांतून संसदीय सचिव नेमले गेले. गुलझारीलाल नंदा आणि हंसा मेहता त्यांपैकीच. १९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले आणि गृहखात्यात मोरारजी देसाईंच्या हाताखाली साताऱ्याचा ३३ वर्षांचा एक आमदार संसदीय सचिव झाला. यशवंतराव चव्हाण. पुढे ते मुख्यमंत्री झाले, संरक्षणमंत्री झाले आणि १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. त्यांची शासनातली पहिली पायरी संसदीय सचिव, आणि सर्वांत वरची उपपंतप्रधान. या दोन्ही पदांचा संविधानात उल्लेख नाही.

(दृश्य : संविधानाची प्रत, तिसरी अनुसूची)

संविधानात मग आहे तरी काय? अनुच्छेद ७५ केंद्रासाठी, अनुच्छेद १६४ राज्यांसाठी. दोन्हीकडे शब्द एकच : मंत्री. तिसऱ्या अनुसूचीत शपथेचा नमुना आहे, तिथेही 'मंत्री म्हणून माझी कर्तव्ये' एवढंच. प्रतवारी कुठेच नाही. 'कॅबिनेट' हा शब्द संविधानात आला तो ४४ व्या घटनादुरुस्तीने, १९७८ मध्ये, आणि तोही आणीबाणीच्या अनुच्छेदात. जून १९७५ मध्ये आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपतींची सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. असं पुन्हा होऊ नये म्हणून अनुच्छेद ३५२ मध्ये कॅबिनेटच्या लेखी निर्णयाची अट घातली गेली. अट घालायची, तर कॅबिनेट म्हणजे कोण हे सांगणं भाग होतं : पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे इतर मंत्री. राज्यमंत्री या व्याख्येच्या बाहेर राहिला.

त्याची खरी अडचण याच ठिकाणी आहे. मंत्रिपरिषद, म्हणजे सगळे मंत्री मिळून, सभागृहाला सामूहिकपणे जबाबदार असते आणि राज्यमंत्री मंत्रिपरिषदेचा सदस्य असतो. कॅबिनेटच्या बैठकीला मात्र तो बसत नाही, त्याच्या विषयापुरतं बोलावणं आलं तरच जातो. ज्या बैठकीत आपण नव्हतो, तिथल्या प्रत्येक निर्णयाचं समर्थन सभागृहात उभं राहून करायचं. ते जमत नसेल, तर राजीनामा द्यायचा. तिसरी वाट नाही.

(दृश्य : १९५० च्या दशकातला रेडिओ संच)

केंद्रात पायऱ्या हळूहळू पडल्या. १५ ऑगस्ट १९४७ च्या मंत्रिमंडळात सगळेच पूर्ण मंत्री होते. राज्यमंत्री आणि उपमंत्री पुढच्या काही वर्षांत आले. १९५२ मध्ये एक अवघड पदनाम वापरात होतं : कॅबिनेट दर्जाचे, पण कॅबिनेटचे सदस्य नसलेले मंत्री. १९५७ मध्ये त्यांनाच राज्यमंत्री म्हणू लागले. लक्ष्मी मेनन यांचा परराष्ट्र खात्यातला प्रवास पाहिला, की ही शिडी समजते. १९५२ मध्ये संसदीय सचिव, १९५७ मध्ये उपमंत्री, १९६२ मध्ये राज्यमंत्री. दहा वर्षांत तीन पायऱ्या, खातं तेच.

कॅबिनेटबाहेरचा मंत्री काय करू शकतो, याचं ठळक उदाहरण मराठीच आहे. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे. १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी खातं त्यांच्याकडे होतं आणि या खात्यात त्यांच्या वर दुसरा मंत्री नव्हता. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ त्यांनी कमी केला, गाण्याआधी गायकाचं नाव सांगायचं पण चित्रपटाचं नाही, असा नियम केला. निर्मात्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. त्याच काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला आणि अनेक गवयांना घराघरांत नेणारा तोच. निर्णय चूक की बरोबर, यावर आजही वाद होतो. पण दोन्ही परिणाम कॅबिनेटबाहेरच्या मंत्र्याच्या सहीने झाले, कारण खातं त्याच्या एकट्याकडे होतं.

यालाच आज 'स्वतंत्र कार्यभार' म्हणतात. खात्यात वर कॅबिनेट मंत्री नसतो, नस्ती राज्यमंत्र्याशी संपते. प्रफुल्ल पटेल यांनी २००४ ते २०११ या काळात नागरी विमानवाहतूक खातं असंच सांभाळलं आणि मग ते कॅबिनेट मंत्री झाले. जून २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला स्वतंत्र कार्यभाराचं राज्यमंत्रिपद देऊ केलं, तेव्हा पक्षाने ते घेतलं नाही. कॅबिनेटमध्ये बसलेल्या माणसाने पुन्हा खालच्या पायरीवर कसं यायचं, हा मुद्दा होता. त्याच वेळी बुलढाण्याचे प्रतापराव जाधव एका माणसाच्या दोन भूमिकांत दिसले : आयुष खात्याचा स्वतंत्र कार्यभार आणि आरोग्य खात्यात राज्यमंत्री. एका खात्यात शेवटची सही त्यांची, दुसऱ्यात ती कॅबिनेट मंत्र्यांची.

उपमंत्री ही पायरी मात्र वापरातून गेली. प्रतिभाताई पाटील १९६७ मध्ये वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री म्हणूनच आल्या होत्या, आणि चाळीस वर्षांनी राष्ट्रपती झाल्या. अलीकडच्या केंद्रीय मंत्रिमंडळांत उपमंत्री नसतो, पण कायद्यात तो आहे. १९५२ च्या मंत्र्यांच्या वेतनाच्या कायद्यात आतिथ्य भत्ता दिलेला असतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात एक वर्षासाठी तो ३० टक्क्यांनी कापला, तेव्हाचे महिन्याचे आकडे असे : पंतप्रधान ३,००० वरून २,१००, कॅबिनेट मंत्री २,००० वरून १,४००, राज्यमंत्री १,००० वरून ७००. आणि उपमंत्री ६०० वरून ४२० रुपये. कापायला भत्ता होता, घेणारा कोणी नव्हता.

(दृश्य : विधान भवन, मुंबई)

आता राज्यात येऊ. ९१ व्या घटनादुरुस्तीने २००४ पासून मर्यादा घातली : मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, पण लहान राज्यांत किमान १२ ची सवलत. महाराष्ट्रात २८८ जागा, म्हणजे ४३ मंत्री. गोव्यात ४० जागा; १५ टक्क्यांनी सहाच झाले असते, म्हणून तिथे किमानाचा आकडा लागू होतो, १२. त्याआधी उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये ९३ मंत्र्यांचं मंत्रिमंडळ झालं होतं, त्यावरून ही मर्यादा का लागली ते कळतं.

मर्यादा आली आणि तिच्या बाजूने वाटा शोधल्या गेल्या. जुनं संसदीय सचिवपद पुन्हा वर काढलं गेलं. गोव्यात मंत्र्याच्या दर्जाचे संसदीय सचिव नेमले, ते मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केले. आसामचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. दुसरी वाट महामंडळांची. अध्यक्षाला 'राज्यमंत्रिपदाचा दर्जा' मिळतो, तशी बातमी येते आणि सत्कारही होतात. पण दर्जा म्हणजे पद नव्हे. दर्जा मिळालेला माणूस मंत्रिपदाची शपथ घेत नाही, खात्याच्या नस्तीवर मंत्री म्हणून सही करू शकत नाही आणि सभागृहात सरकारतर्फे उत्तर देऊ शकत नाही. या तीन खुणा लक्षात ठेवल्या, तर फसगत होत नाही.

राज्यमंत्र्याचं काम प्रत्यक्षात कसं ठरतं? अनुच्छेद १६६ खाली राज्यपाल कार्यनियमावली, म्हणजे सरकारचं काम कसं चालवायचं याचे नियम, करतात. मुख्यमंत्री खाती वाटतात. एका राज्यमंत्र्याकडे पाच-सहा खाती येतात, म्हणजे त्याच्या वर पाच-सहा वेगवेगळे मंत्री असतात. त्या प्रत्येकाने कोणते विषय राज्यमंत्र्याकडे द्यायचे, याचा आदेश वेगळा निघावा लागतो. इथेच काम अडतं. आदेश निघत नाही, किंवा निघतो आणि त्यात किरकोळ विषय येतात. मंत्री आणि राज्यमंत्री वेगळ्या पक्षांचे असतील, तर अडचण आणखी वाढते.

आदेश ढिला असला, तर झळ नागरिकाला बसते. महसूल खात्याचं घ्या. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २५७ खाली शासनाकडे पुनरीक्षणाचा, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याचा आदेश पुन्हा तपासण्याचा, अर्ज करता येतो. अशी अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखी, सुनावणी राज्यमंत्र्याकडे सोपवता येते. दोन्ही बाजूंचे वकील येतात, सातबारा, फेरफार, खालच्या अधिकाऱ्यांचे आदेश समोर ठेवले जातात, आणि निकाल लेखी व कारणांसह द्यावा लागतो. पण तो विषय सोपवल्याचा आदेश नीट नसेल, तर हरलेला पक्ष उच्च न्यायालयात पहिला मुद्दा तोच मांडतो : यांना अधिकारच नव्हता. जमिनीचा वाद आहे तिथेच राहतो आणि तारखा पुन्हा सुरू होतात.

(दृश्य : नागपूर, हिवाळी अधिवेशन)

राज्यमंत्री नसले तर काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं. जून २०२२ ते नोव्हेंबर २०२४ या काळात राज्यात एकही राज्यमंत्री नव्हता. ऑगस्ट २०२२ पासून २०, मग जुलै २०२३ नंतर २९, सगळे कॅबिनेट दर्जाचे. ४३ पैकी १४ जागा रिकाम्या. अधिवेशनात विधानसभा आणि विधान परिषद एकाच वेळी चालतात. एकीकडे तारांकित प्रश्न, दुसरीकडे लक्षवेधी, संध्याकाळी अर्ध्या तासाची चर्चा. मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं, पण एका वेळी दोन्हीकडे उभं राहता येत नाही. ही जागा भरून काढणं हे राज्यमंत्र्याचं सर्वांत जुनं काम आहे, संसदीय सचिवांच्या काळापासूनचं.

१५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली. ३३ मंत्री, ६ राज्यमंत्री. दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू झालं आणि २१ तारखेला संपलं. खातेवाटप जाहीर झालं ते त्याच २१ तारखेला, कामकाज आटोपल्यावर. तोवर सहाही राज्यमंत्री बिनखात्याचे होते. आणि खाती मिळाल्यानंतरही, प्रत्येक खात्यातले कोणते विषय त्यांच्याकडे, हे सांगणारा कागद वेगळाच असतो.

(दृश्य : पुन्हा तेच टिप्पणीचं पान. 'सचिव' आणि 'मा. मंत्री' यांच्यामधली जागा.)