दुसरं नाव

(फिलाडेल्फियाजवळच्या आमच्या मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं.)

नमस्कार मंडळी. या, पुढे या, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच असेल, २०२८ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी कोण उभं राहणार आणि जोडीला उपाध्यक्ष म्हणून कोणाला घेणार. त्यावर मी येणारच आहे, पण आधी एक छोटी गोष्ट सांगते.

निवडणुकीच्या दिवशी मी आमच्या मतदान केंद्रावर काम करते. पहाटे सहाला जायचं, टेबलं लावायची, साताला दार उघडायचं. आमच्याकडे कागदी मतपत्रिका असते, त्यात राष्ट्राध्यक्षाच्या रकान्यात प्रत्येक पक्षाची दोन नावं, एकाखाली एक, आणि त्या दोघांना मिळून एकच लंबगोल. पेनाने तो भरायचा. एका वर्षी एक आजोबा मतपत्रिका घेऊन परत आले आणि मला म्हणाले, मला वरचा माणूस हवाय पण खालचा नकोय, काय करू? मी म्हटलं आजोबा, तसं नाही करता येत, जोडी एकत्रच येते. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. मागे रांग लागली होती तरी मला त्यांना घाई कर म्हणवेना, कारण दिवसभरात खालचं नाव वाचणारा बहुधा तो एकच माणूस होता.

तर मला आज त्या खालच्या नावाबद्दलच, म्हणजे उपाध्यक्षाबद्दलच बोलायचंय.

आपल्यातले बरेच जण म्हणतात उपाध्यक्ष म्हणजे आपल्याकडचा उपमुख्यमंत्री, कोणाला तरी खूश ठेवायला दिलेली खुर्ची. अहो नाही! उपमुख्यमंत्र्याचा घटनेत उल्लेखसुद्धा नाही, आणि मुख्यमंत्री गेला तर तो आपोआप मुख्यमंत्री होत नाही. आपल्या उपराष्ट्रपतींचंही वेगळं आहे, १९६९ साली डॉ. झाकिर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी काळजीवाहू राष्ट्रपती झाले आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागली. इथे तसं काहीच नाही. इथे राष्ट्राध्यक्ष गेला की त्याच दिवशी उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्ष, उरलेली सगळी मुदत, मग तो एक महिना असो नाहीतर पावणेचार वर्षं. आणि हे कितीदा झालंय? नऊदा. आठदा मृत्यूमुळे आणि एकदा निक्सनच्या राजीनाम्यामुळे. आजपर्यंत राष्ट्राध्यक्ष झालेली माणसं पंचेचाळीस, म्हणजे पाचातला एक माणूस असा मधूनच येऊन बसलेला आहे. पाचातला एक! विमानाबद्दल कोणी असा आकडा सांगितला असता तर आपण तिकीट काढलं असतं का?

आता माझी तक्रार. ४ ऑगस्ट २०२४, रविवार. आपल्या गणपतीची मीटिंग होती, चतुर्थी ७ सप्टेंबरला होती त्यामुळे दिवस थोडेच उरले होते, हॉलचं बुकिंग, ढोलाची प्रॅक्टिस, उकडीचे मोदक किती आणि कोणाच्या घरी, हे सगळं ठरवायचं होतं. पण बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतलेली, कमला हॅरिस उभ्या राहिलेल्या आणि त्या दोन दिवसांत रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार, जाहीर करणार होत्या. झालं, मोदक राहिले बाजूला. दोन तास शापिरो, शापिरो, शापिरो. आपले गव्हर्नर ना! पेनसिल्व्हेनियाची एकोणीस इलेक्टोरल मतं (राज्याच्या इलेक्टरांची, राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतं), मंगळवारची सभा फिलाडेल्फियातच, शहराच्या महापौरांकडून आलेल्या व्हिडिओत तर शापिरोच आहेत असं वाटत होतं, आणखी काय पुरावा हवा? एक जण म्हणाले ॲरिझोनाचे मार्क केली, अंतराळवीर आहेत, सीमेवरचं राज्य. कोणी केंटकीचे गव्हर्नर बेशियर म्हणालं, कोणी तेव्हाचे वाहतूकमंत्री बूटिजज. पत्रिका जुळवायला बसल्यासारखं चाललं होतं, हा पूर्वेचा तर तो पश्चिमेचा, हिला गव्हर्नर हवा, त्याचं वय बसतंय, याचं गोत्र आडवं येतंय. मंगळवारी टेंपल युनिव्हर्सिटीच्या सभेत हॅरिस यांच्याबरोबर स्टेजवर आले मिनेसोटाचे टिम वॉल्झ, ज्यांचं नाव आपल्या मीटिंगमध्ये एकदाही निघालं नव्हतं.

अंदाज चुकला म्हणून मी तक्रार करत नाहीये. अंदाज सगळ्यांचेच चुकतात. मला लागलं ते हे, की दोन तासांत वीस-बावीस शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकानेही विचारलं नाही की उद्या सकाळी याला त्या खुर्चीत बसवलं तर हा काय करेल? मीही नाही विचारलं. टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसतात ते तरी कुठे विचारतात, रात्रंदिवस एकच, हा आपलं राज्य आणून देईल का.

बरं, आणून देतो का? १९६० ला जॉन्सनमुळे केनेडींना टेक्सास मिळालं असं म्हणतात, म्हणूया मिळालं. त्यानंतर पाहा. १९७२ ला श्राइव्हर, त्यांचं मेरीलँड गेलं. १९८८ ला बेंट्सन, टेक्सासचे सिनेटर, टेक्सास गेलं. २००४ ला एडवर्ड्स, नॉर्थ कॅरोलिना गेलं. २०१२ ला पॉल रायन, विस्कॉन्सिन गेलं. लोक मत देतात ते वरच्या नावाला, आणि खालचं नाव निवडताना मात्र आपण असा हिशोब मांडतो की जणू तोच मतांची पोती घेऊन येणार आहे.

आता मी तुम्हाला १९४४ मध्ये नेते, कारण खालचं नाव कशाला महत्त्वाचं ते त्या वर्षाइतकं कुठेच दिसत नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहत होते, महायुद्ध चालू. मार्चमध्ये ब्रून नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब निघाला १८६ वर १०८, हृदय थकलेलं. लोकांना यातलं काही सांगितलं नाही. पण पक्षाचे जे पाच-सहा मुरलेले पुढारी होते त्यांना नुसतं बघून कळत होतं की आपण या वेळी उपाध्यक्ष नाही निवडत आहोत, पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडतोय. आणि असलेले उपाध्यक्ष हेन्री वॉलेस त्यांना नको होते, फार डावे वाटायचे.

जुलैत शिकागोला कन्व्हेन्शन, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवायचं अधिवेशन. मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन तिथे गेले ते दुसऱ्याच्या नावाची सूचना मांडायला, जेम्स बर्न्स यांच्या. स्वतःला उपाध्यक्ष व्हायची इच्छाच नव्हती. मग पक्षाध्यक्ष हॅनेगन यांनी त्यांना ब्लॅकस्टोन हॉटेलच्या खोलीत बोलावलं, समोर बसवलं, आणि रूझवेल्टना फोन लावला. रूझवेल्टचा आवाज फोनवर इतका मोठा यायचा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागायचा, त्यामुळे ट्रुमनना पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, की तो माणूस तयार झाला की नाही, नसेल तर त्याला म्हणावं ऐन युद्धात पक्ष फोडायचा असेल तर जबाबदारी त्याची. काय करतो बिचारा? २१ जुलैला मतदान झालं, पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते, दुसऱ्या फेरीत ट्रुमन. (बायडन यांची माघार त्यानंतर बरोब्बर ऐंशी वर्षांनी, त्याच तारखेला. हे मला परवा टिपणं काढताना दिसलं.)

पुढचं ऐका. ऑगस्टमध्ये रूझवेल्टनी ट्रुमनना व्हाइट हाउसला जेवायला बोलावलं. अंगणात मॅग्नोलियाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं, उकाडा होता, दोघांनी कोट काढून ठेवले, फोटोवाले आले, हसरे फोटो निघाले आणि पेपरात छापूनही आले. पण ट्रुमननी परत आल्यावर आपल्या जवळच्या माणसाला सांगितलं ते वेगळंच होतं. रूझवेल्ट कपात क्रीम ओतत होते आणि हात इतका थरथरत होता की कपात कमी आणि बशीत जास्त सांडत होतं. मला ती बशी डोळ्यांसमोरून जात नाही. समोर बसलेल्या माणसाला त्या बशीत आपलं पुढचं सगळं आयुष्य दिसलं असणार, आणि तरी तो हसून फोटो काढतोय.

आणि एवढं दिसूनही त्याला तयार कोणी केलं? कोणीच नाही. २० जानेवारी १९४५ ला शपथ, १२ एप्रिलला रूझवेल्ट गेले. ब्याऐंशी दिवस. त्या संध्याकाळी ट्रुमन कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, सभापती रेबर्न यांच्या खोलीत गेले होते, तिथे निरोप आला की लगेच व्हाइट हाउसला या. शपथ झाल्यावर युद्धमंत्री स्टिमसन त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, एका फार शक्तिमान नव्या स्फोटकाचं काम चालू आहे, नीट नंतर सांगतो. अणुबाँबची पूर्ण माहिती त्यांना मिळाली २५ एप्रिलला, आणि ६ ऑगस्टला हिरोशिमा. म्हणजे हा निर्णय ज्याने घेतला त्या माणसाला चार महिने आधी त्या गोष्टीचा पत्ताच नव्हता. पुढे ट्रुमन खमके निघाले, मार्शल प्लॅन, नाटो, सैन्यातला वर्णभेद मोडणं, मी त्यांना मानते. पण ते खमके निघतील हे शिकागोच्या त्या हॉटेलात कोणी तपासलं होतं का हो? त्यांचं नाव पुढे आलं कारण ते कोणालाच फारसे नकोसे नव्हते.

दुसरी गोष्ट १९७२ ची, ही जरा पटकन सांगते. मायामी बीच, डेमोक्रॅट्सचे मॅकगव्हर्न. टेड केनेडी नाही म्हणाले, आणखी दोघा-चौघांनी नाही म्हटलं, दुपारी नाव द्यायची वेळ संपत आली आणि घाईघाईने मिसुरीचे सिनेटर टॉम ईगल्टन यांना फोन गेला. काही लपवण्यासारखं आहे का? नाही. झालं, ठरलं. थोड्याच दिवसांत बाहेर आलं की साठच्या दशकात नैराश्यासाठी ते तीनदा हॉस्पिटलमध्ये होते, विजेचे झटकेही घेतले होते. मॅकगव्हर्न आधी म्हणाले मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे, आणि मग त्यांनाच उतरवलं. अठरा दिवसांत. त्यांच्या जागी मघाचे श्राइव्हर आले, आणि निक्सननी एकोणपन्नास राज्यं जिंकली. इथे मला मनापासून वाईट वाटतं ते ईगल्टनबद्दल. आजारी पडून उपचार घेतले, बरे झाले, नंतरही कितीतरी वर्षं सिनेटमध्ये उत्तम काम केलं. पण एका फोनवर नाव ठरलं, त्यामुळे त्या आजाराबद्दल शांतपणे बोलायला लोकांना वेळच मिळाला नाही.

त्यानंतर पक्षांनी छाननी कडक केली, वकिलांची फौज, जाडजूड प्रश्नावल्या, आयकराचे कागद. १९७६ ला कार्टरनी निवांत मुलाखती घेऊन मॉन्डेलना निवडलं, निवडून आल्यावर वेस्ट विंगमध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसजवळच, ऑफिस दिलं. हे चांगलं झालं. पण ती सगळी छाननी बंद दाराआड, आणि २००० साली तर बुश यांच्यासाठी छाननी करणारे डिक चेनीच शेवटी उपाध्यक्ष झाले...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात. बरं, मग भराभर सांगते.

माझं म्हणणं असं, की उमेदवाराने प्रायमरी, म्हणजे पक्षातली आधीची निवडणूक, चालू असतानाच दोन-तीन नावं जाहीर करावीत, यातलाच एक घेणार म्हणून. मग त्यांना वादविवादात बसवा, परराष्ट्र धोरणावर विचारा, तब्येतीचे कागद मागा, आणि मग आपण काय अंदाज बांधायचे ते बांधू, भरपूर बांधू, मलाही आवडतात. हे कोणी करून बघितलंच नाही असं नाही. १९७६ ला रेगननी कन्व्हेन्शनच्या आधी श्वायकर यांचं नाव सांगितलं, २०१६ ला टेड क्रूझनी एप्रिलमध्ये कार्ली फिओरिनाचं. दोघेही हरले, म्हणून आता कोणी धजत नाही. पण ते दोघंही आधीच मागे पडलेले होते, शेवटचा डाव म्हणून टाकलं ते. पुढे असलेल्या उमेदवाराने सुरुवातीला करून बघावं ना.

आता २०२८. ट्रम्प दोनदा निवडून आलेत, बाविसाव्या दुरुस्तीमुळे पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत. रिपब्लिकनांकडे व्हान्स आणि रुबियो ही नावं सगळ्यांच्या तोंडी, कोणी एकत्र घेतंय, कोणी समोरासमोर. व्हान्स सिनेटमध्ये दोनच वर्षं होते हे मी वजा धरते, पण आता उपाध्यक्षपदावरून ते जे शिकत असतील ते ट्रुमनना मिळालं नव्हतं, हे जमेला. रुबियो परराष्ट्रमंत्री, म्हणजे माझा तो ‘उद्या सकाळी खुर्चीत बसवलं तर’चा प्रश्न त्यांना विचारता येतो आणि उत्तर कामातून तपासता येतं. डेमोक्रॅट्सकडे न्यूसम, शापिरो, प्रिट्झकर, व्हिटमर, बूटिजज. यात गव्हर्नर बरेच, त्यांनी पूर, संप, बजेट हाताळलंय, मला ते जास्त भरवशाचं वाटतं. न्यूसम आणि हॅरिस अशी जोडी कोणी सुचवत असेल तर एक लक्षात ठेवा, दोघं कॅलिफोर्नियाचे, आणि बाराव्या दुरुस्तीप्रमाणे इलेक्टरना आपल्याच राज्यातल्या दोघांना मत देता येत नाही, चोपन्न मतांचा प्रश्न आहे. बुश टेक्सासचे, म्हणून चेनींनी याच कारणासाठी २००० मध्ये मतदार नोंदणी टेक्सासमधून वायोमिंगला नेली होती. शापिरोंबद्दल चहाच्या वेळी बोलू, तुम्ही मला सोडणार नाही हे माहितीय.

मंडळाचे अध्यक्ष उभे राहिलेत, एकच प्रश्न घेते. श्री ठाणेदार होऊ शकतात का? बेळगावात वाढलेला मराठी माणूस मिशिगनमधून काँग्रेसमध्ये जातो, मलाही अभिमान आहे. पण नाही, राष्ट्राध्यक्ष जन्माने अमेरिकन नागरिकच लागतो. काय म्हणालात, निदान उपाध्यक्ष? तेही नाही. बाराव्या दुरुस्तीचं शेवटचं वाक्यच तसं आहे, जो राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही तो उपाध्यक्षही नाही. १८०४ साली ती दुरुस्ती करणाऱ्यांना खालच्या नावाचं काम काय ते नेमकं माहीत होतं. ती शेवटच्या रांगेत लेझीम घेऊन बसलेली पोरं मात्र इथेच जन्मलीत, ती दोन्ही होऊ शकतात, पस्तीस पूर्ण झाली की.