हत्ती गेला, शेपूट राहिलं? आधी शेपूट मोजा!

नमस्कार मंडळी! 'अरे, हत्ती गेला, शेपूट राहिलं. आता कशाला सोडतोस?' हे वाक्य मला दरवर्षी मार्चमध्ये ऐकायला मिळायचं. ऐकवणारा माझा मावसभाऊ. आठ वर्षांपूर्वी टॅक्स वाचवायच्या घाईत त्यानंच एक विमा पॉलिसी माझ्या गळ्यात मारली होती. माणूस प्रेमळ आहे, पण प्रेमळ माणसांना नाही म्हणणं फार अवघड असतं.

तर एका रविवारी कागद काढला. (फळ्याकडे वळून) हे बघा. वर्षाचा हप्ता 25 हजार, मुदत 20 वर्षं, विमा 5 लाखांचा. भरून झालेले हप्ते 8, म्हणजे 2 लाख. राहिलेले 12, म्हणजे 3 लाख. आता सांगा, हत्ती कुठला आणि शेपूट कुठलं?

गेलेल्या पैशाला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात. पुढे काय करायचं हे ठरवताना तो हिशेबात धरायचाच नसतो. कळतं सगळ्यांना, वळत नाही. अमेरिकेत आर्क्स आणि ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1985 साली प्रसिद्ध झालेला एक गमतीदार प्रयोग आहे. नाटकांच्या हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना ती पूर्ण किमतीत, म्हणजे 15 डॉलरला दिली आणि काहींना सवलतीत. कोणाला सवलत, हे नशिबावर. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेली माणसं जास्त नाटकांना गेली. पैसे वसूल! दुसऱ्या अर्ध्यात मात्र हा फरक फारसा उरला नाही. म्हणजे खर्चाची टोचणी काळानं बोथट होते. पण दर मार्चला नवा हप्ता गेला की टोचणीही ताजी होते, हे माझं निरीक्षण. संशोधन नव्हे!

आणि हे फक्त आपलंच होतं असं नाही. ब्रिटन आणि फ्रान्सनं 1962 मध्ये काँकॉर्ड या आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या प्रवासी विमानाचा करार केला. खर्च फुगत गेला, तरी काम थांबलं नाही. शेवटी प्रवासी सेवेत आली अवघी 14 विमानं.

परत पॉलिसीकडे. हप्ते बंद केले म्हणजे सगळं बुडालंच, असं नसतं. पारंपरिक पॉलिसी (म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेली) 'पेड-अप' करता येते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता चालू ठेवता येते, अर्थात नियमात बसतील तेवढे हप्ते भरलेले असतील तर. मग विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. माझ्या बाबतीत 5 लाख गुणिले 8 भागिले 20, म्हणजे 2 लाख. ते मुदत संपल्यावर मिळणार आणि पुढचे 3 लाख माझ्या हातात राहणार. मी तेच केलं. सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडून, पैसे लगेचही मिळतात, पण किती मिळतील ते आधी लेखी मागून घ्या. आणि घर तुमच्या कमाईवर चालत असेल, तर दुसरा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) हातात पडल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. इथे घाई नको म्हणजे नको.

पैशाचं एक बरं असतं, आकडे मांडता येतात. पण सोसायटीचं सेक्रेटरीपद कसं मोजायचं? सहा वर्षं केलं मी. सुरुवातीला आवडायचं, खोटं कशाला बोलू. नंतर रात्री साडेअकराला पार्किंगवरून फोन आला की पोटात गोळा यायचा. तरी सोडवेना. का? तर 'तुमच्याशिवाय कोण करणार?' हे ऐकायला गोड लागतं. माझ्या बाबतीत बुडीत खर्च वेळेचा कमी, मानाचा जास्त होता. हे कबूल करायलाच मला दोन वर्षं लागली.

सोडताना एक गोष्ट मात्र नीट केली. सर्वसाधारण सभेच्या तीन महिने आधी लेखी कळवलं. टँकरवाला, लिफ्टवाला, ऑडिटर यांचे नंबर, पंपाचा कुठला व्हॉल्व कधी उघडायचा, सगळं एका फाईलमध्ये घातलं आणि किल्ल्यांसकट नव्या सेक्रेटरींच्या हातात दिलं.

आठवडाभरातच त्यांचा फोन आला. रात्री साडेअकराला. "काका, तो दुसरा व्हॉल्व..."

म्हटलं, "पान नंबर चार." आणि झोपलो.