एल्फिनची वाडी

(प्रभादेवी स्टेशन. सकाळची गर्दी, तिकीट खिडकी.)

“एक एल्फिस्टन रिटर्न.”

खिडकीआडचा माणूस मान वर न करता तिकीट पुढे सरकवतो. तिकिटावर छापलंय प्रभादेवी. मागणाऱ्याचं काही अडत नाही, देणाऱ्याचंही नाही. स्टेशनावरची ‘एल्फिन्स्टन रोड’ ही पाटी 2018च्या जुलैमध्ये बदलली. तोंडातलं नाव अजून तसंच आहे, तेही आपल्या पद्धतीने घासून घेतलेलं. मधला ‘न’ कधीच गळून पडला. जुन्या मराठी कागदांत तर हाच साहेब ‘अल्पिष्टन’ होऊन बसलाय.

दीडशे वर्षांहून अधिक काळ मुंबईकरांनी हे नाव वापरलं. त्यावरून कॉलेज ओळखलं, सर्कल ओळखलं, महाबळेश्वरला गेल्यावर एल्फिन्स्टन पॉइंटवर उभं राहून फोटो काढले. हे मुळात कुणाचं आडनाव आहे, आणि ते आडनाव तरी आलं कुठून, हे विचारायला गाडी कुणाला वेळ देत नाही. आम्ही विचारायला गेलो.

(हिरवी-करडी शेतं. वारा. दूरवर समुद्राची पट्टी.)

स्कॉटलंड. एडिंबरापासून पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटरवर ट्रॅनेंट नावाचं कोळशाच्या खाणींचं जुनं गाव लागतं. तिथून थोडं वर चढलं की उंचवट्यावर एक छोटी वस्ती दिसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, मागे शेतं, आणि उतारापलीकडे फोर्थच्या खाडीचं पाणी. गावाच्या पाटीवर लिहिलंय एल्फिन्स्टन.

हेच ते. यावरूनच सगळं निघालं.

या नावाची उकल करताना भलेभले एका जागी घसरतात. शेवटचं ‘स्टोन’ दिसलं की दगड आठवतो. पण इथे दगड नाही. तेराव्या शतकातल्या कागदांत हे नाव ‘एल्फिन्स्टुन’च्या वळणाने येतं. त्याचे तुकडे पाडले तर पुढे माणसाचं नाव, मध्ये ‘चा-ची’ दाखवणारा ‘स’, आणि शेवटी ‘टुन’. टुन म्हणजे कुंपण घातलेलं शेत, त्यातलं घर, गोठा, खळं. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, वाडी. एल्फिनची वाडी.

पुढे लेखनिकांनी ‘स’ आणि ‘टुन’ एकमेकांना चिकटवले, स्पेलिंगला शेवटी एक ‘ई’ लागला आणि वाडीचा दगड झाला. लिव्हिंगस्टनचीही तीच कथा, ती लेव्हिंगची वाडी. जॉन्स्टनही तसाच. गंमत अशी की ग्लॅडस्टनमध्ये मात्र खराखुरा दगड आहे, घारीचा दगड. आडनावांच्या बाबतीत नियम सापडला असं वाटलं की दुसऱ्याच दिवशी तो मोडतो.

(जुना नकाशा. बोट गावावर टेकतं.)

त्या काळात माणसाच्या नावापुढे ‘द एल्फिन्स्टन’ असं लागायचं. इथला ‘द’ म्हणजे ‘अमक्या गावचा’. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपण त्याला ‘कर’ म्हणतो. चिपळूणचा चिपळूणकर, तसा हा एल्फिन्स्टनकर. गाव सोडेपर्यंत अशा ‘कर’ची गरज पडत नाही हेही दोन्हीकडे सारखंच. गावात सगळेच गावचे असतात.

घराणं मोठं झाल्यावर साधी वाडी पुरेना. मग एक आख्यायिका निघाली की मूळ पुरुष जर्मनीतल्या हेल्फेनस्टाइन नावाच्या सरदार घराण्यातला, त्यानेच इथे येऊन जमिनीला स्वतःचं नाव दिलं. आमचं मत विचाराल तर शेतकऱ्याच्या वाडीची लाज वाटायला लागली की अशा वंशावळी तयार होतात. आपल्याकडेही भाट लोकांनी यावर पोट भरलंय.

(शेतात उभी दगडी कमान. कॅमेरा आत जातो.)

गावाजवळच्या शेतात हा एवढाच भाग उरलाय. जाड भिंती, वर कमानीचं छत, आत अंधार. छताच्या माथ्यावर गवत. हा एल्फिन्स्टन टॉवरचा तळमजला. पंधराव्या शतकातला हा टॉवर एकावर एक मजले चढवत बांधलेला होता. 1546च्या सुरुवातीला जॉर्ज विशार्ट या धर्मसुधारकाला पकडून इथेच आणलं होतं. पुढे सेंट अँड्र्यूजला त्याला जाळण्यात आलं.

साडेचारशे वर्षांहून अधिक काळ टॉवर उभा होता. त्याला तोफांनी पाडलं नाही, वाऱ्यापावसाने पाडलं नाही. खाली कोळसा होता. खाणी पसरत टॉवरच्या खाली आल्या, जमीन खचली, भिंतींना भेगा गेल्या आणि 1955मध्ये वरचे मजले उतरवून टाकावे लागले. ही भेग बघा. हात घातला तर कोपरापर्यंत जातो.

आता या टॉवरची खरी गंमत. तो एल्फिन्स्टन लोकांनी बांधलेलाच नाही. त्याआधी घराण्याच्या थोरल्या शाखेत एकच वारस उरली, एग्निस नावाची मुलगी. तिचं लग्न जॉन्स्टन घराण्यात झालं आणि मूळ गाव, मूळ जमीन तिच्याबरोबर जॉन्स्टनांकडे गेली. टॉवर त्यांचा. ज्यांनी या गावाचं नाव लावलं होतं त्या एल्फिन्स्टन पुरुषांच्या हाती गाव राहिलं नाही. एग्निसच्या काकाने भांडून जे मिळवलं ते इथून बरंच पश्चिमेला, स्टर्लिंगकडे, फोर्थ नदीच्या काठी.

तिकडे गेल्यावर त्यांनी काय केलं? नव्या जमिनीचं जुनं नाव पुसलं आणि तिला एल्फिन्स्टन म्हणायला सुरुवात केली.

गावाने माणसाला नाव दिलं होतं. आता माणसाने दुसऱ्या गावाला दिलं. इथपासून या नावाला ही सवयच लागली.

(मोठा दगडी अननस. कॅमेरा खालून वर.)

ही जागा तीच, नदीकाठचं दुसरं एल्फिन्स्टन. आणि हो, हा अननस आहे. चौदा मीटर उंच, दगडात कोरलेला, एकेका पानाचं टोक वेगळं काढलेला. अननसाचा आपल्या आडनावाशी तसा संबंध नाही, पण इतक्या लांब येऊन तो न दाखवता परत जाणं आम्हाला जमलं नाही.

संबंध आहे तो मालकाशी. ही जहागीर 1754मध्ये डनमोरच्या अर्लने विकत घेतली. अननसाची इमारत 1761ची, डनमोर घराण्याचीच हौस. मालक बदलला तसं जागेचंही नाव बदललं आणि एल्फिन्स्टनचं डनमोर झालं. झाडीत तो दुसरा टॉवर उभा आहे. जुन्या कागदांत तो एल्फिन्स्टन टॉवर, आजच्या नकाशात डनमोर टॉवर.

मुंबईत पाटी बदलली तेव्हा काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी पेढे वाटले. स्कॉटलंडमध्ये अडीचशे वर्षांपूर्वी तेच झालं होतं. तिथे एका विक्रीखतावर काम भागलं.

(ॲबरडीन. दगडी मुकुटाचा मनोरा. घंटानाद.)

उत्तरेला ॲबरडीन. मनोऱ्याच्या डोक्यावर दगडी मुकुट असलेलं हे किंग्ज कॉलेजचं चॅपल. कॉलेज 1495मध्ये बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनी स्थापलं. ग्लासगोत जन्मलेल्या या माणसाचे वडीलही पाद्रीच होते, म्हणजे ज्या घरात मुलं असायला नकोत अशा घरातून हे आडनाव पुढे सरकलं. स्कॉटलंडमधला पहिला छापखाना 1507च्या राजाज्ञेने निघाला, त्यामागेही हेच बिशप. त्यांनी जुळवलेलं प्रार्थनापुस्तक तिथे छापलं गेलं आणि त्यात स्कॉटिश संतांना जागा मिळाली.

ॲबरडीनशायरमध्ये आडनावाची एक फांदी रुजली ती लोगी-एल्फिन्स्टनला. तिथून जवळच इन्व्हरुरीला लागून पोर्ट एल्फिन्स्टन आहे. ‘पोर्ट’ ऐकून समुद्र शोधू नका. 1805मध्ये सुरू झालेल्या कालव्याचा हा शेवटचा धक्का होता. आणखी एक फांदी पार ऑर्कनी बेटांवर, सँडे बेटावरच्या लोपनेसला.

तर ब्रिटनच्या नकाशावर हे आडनाव असं सांडलेलं दिसतं. एडिंबराभोवतीचा लोदियन, स्टर्लिंगशायर, ॲबरडीनशायर, उत्तरेला बेटांवर चार थेंब. दक्षिणेला इंग्लंडमध्ये उतरलं की दुर्मीळ. तिकडे आडनावं शोधणारे लोक 1881ची जनगणना उघडून बसतात, कारण ती घरागणिक उतरवून काढलेली आहे आणि तोवर माणसं अजून बरीचशी आपापल्या मुलखात होती. या आडनावाचे सगळेच काही लॉर्ड नव्हते. पण त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत, त्यामुळे आमच्याही पडद्यावर लॉर्डच जास्त.

(तैलचित्रं, एकामागून एक.)

आणि आता या चेहऱ्यांकडे बघा, कारण आडनाव दुर्मीळ का राहिलं त्याचं उत्तर इथे आहे.

बिशप विल्यम. धर्मगुरू, वंश नाही.

आर्थर एल्फिन्स्टन, सहावे लॉर्ड बालमेरिनो. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने लढले, 18 ऑगस्ट 1746ला लंडनच्या टॉवर हिलवर मुंडकं उडवलं. मूल नव्हतं. पदवी त्यांच्याबरोबर संपली.

ॲडमिरल जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. जन्म त्या नदीकाठच्या दुसऱ्या एल्फिन्स्टनमध्ये, तेही त्याच 1746 साली. आठ वर्षांचे असताना घर विकलं गेलेलं पाहिलं. 1795मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं केप डचांकडून घेतलं, 1815मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवायचं काम यांच्याच हातून पार पडलं. मुलगा नाही. मुली दोन.

त्यांचे पुतणे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हे आपले. सोळा-सतराव्या वर्षी हिंदुस्थानात आले, 1811पासून पुण्याला इंग्रजांचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले वकील, 1819 ते 1827 मुंबईचे गव्हर्नर. पहाटे उठून ग्रीक वाचणारा, डायरी लिहिणारा माणूस. शेवटचं मोठं पुस्तकही हिंदुस्थानच्या इतिहासाचंच, 1841चं. पुण्याच्या संगमावरचा यांचा बंगला 5 नोव्हेंबर 1817ला जळाला, खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली. 1859मध्ये सरेमध्ये वारले. लग्न केलंच नाही.

जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट यांचे चुलतभाऊ. संधिवाताने थकलेले. जानेवारी 1842मध्ये काबूलहून निघालेल्या साडेसोळा हजार माणसांपैकी बहुतेक यांच्या हाताखाली बर्फात संपली.

आणि जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट यांचे पुतणे. 1853 ते 1860 मुंबईचे गव्हर्नर. स्टेशनाला नाव मिळालं ते यांचं, काकांचं नाही. इथे निम्मी मुंबई चुकते. हेही अविवाहित.

(टाउन हॉल, मुंबई. शिल्पकार चँट्रीने घडवलेला माउंटस्टुअर्ट यांचा संगमरवरी पुतळा. पायापाशी धूळ.)

ज्यांनी हे आडनाव जगभर नेलं त्यांतल्या बहुतेकांच्या घरात पाळणा हलला नाही. नाव राहिलं ते दगडात आणि पाट्यांवर. 1827मध्ये माउंटस्टुअर्ट निघाले तेव्हा मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढली, दोन लाख रुपयांच्या वर. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेचं पुढे एल्फिन्स्टन कॉलेज झालं. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि तिथेच प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे तिथले, गोखले तिथले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912मध्ये तिथूनच बी. ए. झाले. स्वतःला ‘एल्फिन्स्टोनियन’ म्हणवून घेणाऱ्यांची संख्या या आडनावाच्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त भरेल, असं आम्ही बिनदिक्कत म्हणतो.

(झपाट्याने नकाशे: ओमान, तांबडा समुद्र, ऑस्ट्रेलिया, कॅनडा.)

ओमानमधल्या मुसंदमच्या उघड्या डोंगरांत घुसलेली एल्फिन्स्टन खाडी, स्थानिक लोक तिला खोर अश-शाम म्हणतात. इजिप्तमध्ये मार्सा आलमजवळचं एल्फिन्स्टन रीफ, समुद्रात बुड्या मारणाऱ्यांची आवडती जागा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियामध्ये एक एल्फिन्स्टन, कॅनडात मॅनिटोबामध्ये एक. वाडी कुठल्या कुठे पोचली.

मुंबईत एल्फिन्स्टन सर्कलचं हॉर्निमन सर्कल झालं. स्टेशनाच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017ला चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. पुढच्या वर्षी पाटी बदलली.

(एक स्त्री. तैलचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ.)

ॲडमिरलच्या दोन मुलींतली ही थोरली, मार्गारेट मर्सर एल्फिन्स्टन. वडिलांच्या काही पदव्या खास तरतुदीने हिला मिळाल्या. आडनावाला तशी तरतूद नसते. 1817मध्ये तिने नेपोलियनच्या एका सेनाधिकाऱ्याशी, काउंट द फ्लाओशी लग्न केलं. त्यांची मुलगी एमिली लॅन्सडाउनच्या मार्क्विसकडे दिली. एमिलीचा मुलगा 1888मध्ये व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आला. ॲडमिरल एल्फिन्स्टनचा पणतू, पण नावात एल्फिन्स्टन कुठेच नाही.

(धुकं. चीडची झाडं. लष्करी छावणीचा रस्ता.)

त्याच्या नावाने गढवालमध्ये हे गाव वसलं. लॅन्सडाउन. गढवाल रायफल्सचं केंद्र इथेच आहे. चहाच्या टपरीवरचे लोक या जागेला कालूडांडा म्हणायचे ते दिवसही सांगतात. इथलीही पाटी बदलायची चर्चा अधूनमधून निघते.

(पाटी. धुकं. कट.)