कृष्णाकाठची नोंद

[एका खोलीत लोखंडी ट्रंक उघडली जाते. कॅमेरा हातांवर स्थिर राहतो; चेहरा दिसत नाही.]

सांगलीच्या एका जुन्या वस्तीतील या खोलीत ट्रंकेच्या तळाशी, साड्यांच्या घड्यांखाली, प्लास्टिकची एक पिशवी जपून ठेवलेली आहे. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला आहे आणि त्यावर एका मुलाचे नाव आहे. आधारकार्डावरही तेच नाव आहे. छायाचित्रात केस बारीक कापलेला, खांदे आवळून बसलेला एक तरुण दिसतो. ज्यांची ही पिशवी आहे त्या आज पंचेचाळिशीच्या आहेत, कपाळावर रुपयाएवढे कुंकू लावतात आणि गल्लीतली मुले त्यांना मावशी म्हणतात. बँकेच्या खिडकीपाशी उभे राहिले की कागदावरचा तो मुलगा आणि खिडकीसमोरच्या मावशी ही एकच व्यक्ती आहे, हे त्यांना दर वेळी नव्याने पटवून द्यावे लागते.

कृष्णाकाठच्या सांगली-सातारा पट्ट्यात समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसांनी गेल्या तीस वर्षांत जे काम उभे केले, त्याचा मोठा भाग व्यासपीठावर किंवा मोर्चात दिसत नाही. तो अर्ज लिहिण्यात, कागदावरचे नाव बदलून घेण्यात आणि आपल्या जगण्याला आपल्याच भाषेत, अपमान न करणारा शब्द मिळवून देण्यात खर्ची पडला आहे.

शब्द गावाकडेही होते. ते बहुतेक शिवीसारखे वापरले जात आणि 'बायल्या' हा त्यांतला त्यातल्या त्यात सौम्य. दुसरा शब्द देवीच्या दारातून आला होता. मुलगा बायकांच्या घोळक्यात रमू लागला, चालण्या-बोलण्यात फरक दिसू लागला, की घरची मोठी माणसे आपसांत म्हणत, 'याला देवीनं धरलंय.'

[जत येथील यल्लम्मा यात्रेची दृश्ये दिसतात. चौंडक्याचा आवाज हळूहळू वाढत जातो.]

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाला लागून असलेल्या जतमध्ये मार्गशीर्षात यल्लम्मा देवीची यात्रा भरते. इथून पुढे यल्लम्माचे मुख्य ठाणे असलेल्या, कर्नाटकातील सौंदत्तीच्या डोंगरापर्यंत जाणाऱ्या वाटेवर देवीला वाहिलेले जोगते आणि जोगतिणी भेटतात. गळ्यात देवीची माळ, हातात परडी, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे टोपलीत बसवलेली देवीची मूर्ती, आणि काखेत चौंडके हे तंतुवाद्य असते. चौंडक्याची एकच तार ताणली किंवा सैल केली, की तिचा सूर माणसाच्या आवाजासारखा चढतो आणि उतरतो. परडीतला भंडारा म्हणजे हळदच, आणि सांगली तर हळदीची पेठ. २०१८ मध्ये इथल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. डोक्यावर जग असलेल्या जोगत्यापुढे पाटीलही वाकतो आणि कपाळाला भंडारा लावून घेतो.

या जागेने कित्येकांना जगवले, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या मुलाला घरात ताट मिळत नव्हते, त्याला देवीच्या नावाने जोगवा मिळाला आणि त्याच्यासारख्याच इतरांची सोबत मिळाली. परंतु ती जागा त्याने मागितलेली नव्हती. एकदा मुलाला देवीला वाहिले की शाळा सुटत असे, नोकरीचा विचारही कोणी करत नसे, आणि पुढचे सारे आयुष्य जोगव्यावर काढायचे हे घरच्यांनीच ठरवलेले असे. देवीच्या नावाने मिळालेला मान माळ उतरवून ठेवताच संपतो, असे आम्हाला भेटलेल्या एका वृद्ध जोगत्याने सांगितले. ते सांगताना त्यांचे हात परडीची दोरी पुन्हा पुन्हा गुंडाळत होते.

[सांगलीतील संध्याकाळचा रस्ता दिसतो. दुकानांचे दिवे लागत आहेत.]

बदलाची सुरुवात झाली ती एका आजाराच्या निमित्ताने. नव्वदच्या दशकात एचआयव्हीचा संसर्ग महाराष्ट्रात वेगाने वाढत होता आणि सांगली हा त्याची मोठी झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या पुढाकाराने सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजेच 'संग्राम', उभी राहिली. गोकुळनगरसारख्या वस्त्यांत कंडोम वाटण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांनी न करता तिथल्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांनीच हाती घेतले. आजार हा आपल्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचा बंदोबस्तही आपणच करू, ही त्यामागची भूमिका होती. १९९६ मध्ये याच स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन झाली. पुढे त्याच धर्तीवर देहविक्रय करणारे पुरुष आणि पारलिंगी व्यक्ती 'मुस्कान' या नावाने एकत्र आल्या.

हे काम कसे चालत असे, ते नीट समजून घ्यायला हवे. रात्री बसस्थानकाच्या मागे, नदीच्या घाटावर, महामार्गावरच्या ढाब्यांजवळ कार्यकर्ता जायचा. तोही त्याच समूहातला असायचा. पिशवीत कंडोम असत, पण बोलणे तिथून सुरू होत नसे. काल कोणी मारले का, पोलिसांनी पैसे काढून घेतले का, अंगात ताप आहे का, घरी आईला फोन झाला का, हे आधी विचारले जाई. हळूहळू दवाखान्यात सोबत जाणे आले, पोलीस ठाण्यात तक्रार लिहून देणे आले, आणि तक्रार लिहायची म्हणजे तक्रारदाराचे नाव आणि लिंग लिहावे लागते, तेव्हा तोही प्रश्न आलाच. परदेशी निधीसोबत वेश्याव्यवसायाचा निषेध करणारी प्रतिज्ञा लिहून देण्याची अट अमेरिकी सरकारने घातली, तेव्हा संग्रामने तो निधी सोडून दिला. ज्या माणसांसोबत काम करायचे त्यांचाच निषेध कागदावर लिहून द्यायचा नाही, हा तो निर्णय होता. आमच्या मते या साऱ्या कामाचा कणा तिथे दिसतो.

कायद्याची वाट मात्र दिल्लीतून गेली आणि ती सरळ नव्हती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला. त्याआधी, १५ एप्रिल २०१४ रोजी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे 'नालसा'ने, सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या खटल्यात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा पारलिंगी व्यक्तींचा हक्क मान्य झाला होता. या निकालांची मराठीतली सोपी टिपणे हातोहात फिरली. 'पारलिंगी' हा शब्द आपण पहिल्यांदा अशाच एका झेरॉक्स कागदावर वाचला, असे सांगणारे लोक आम्हाला भेटले.

[पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारे तरुण दिसतात. पाठीमागे डोंगराची रांग आहे.]

निकाल आणि रकाना यांच्यात किती अंतर असते, हे सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी यांच्या लढ्याने दाखवून दिले. पोलीस भरतीची तयारी हा या भागातील हजारो घरांचा दिनक्रम आहे. पहाटे चार वाजता मुले-मुली रस्त्यावर धावत असतात. २०२२ च्या भरतीत आर्या ऑनलाइन अर्ज भरायला बसल्या, तेव्हा लिंगाच्या रकान्यात स्त्री आणि पुरुष एवढे दोनच पर्याय होते आणि त्यांपैकी एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. नालसा निकालाला तेव्हा आठ वर्षे होऊन गेली होती. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेल्या आणि १४ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायाधिकरणाने गृह विभागाच्या भरतीत तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. शारीरिक चाचणीचे निकष ठरलेले नाहीत, म्हणून अंमलबजावणी अवघड आहे, असे सरकारचे म्हणणे होते. इतकी वर्षे नियम का केले नाहीत, यावरून न्यायालयाने सरकारला फटकारले. डिसेंबरमध्ये संकेतस्थळावर तिसरा पर्याय आला आणि २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत नियम करण्याचे निर्देश दिले गेले.

एका गोल चिन्हावर बोट टेकवता यावे, एवढ्यासाठी एका उमेदवाराला दोन ठिकाणी लढावे लागले. पण त्यानंतर राज्यातल्या प्रत्येक पारलिंगी उमेदवाराला पोलीस भरतीच्या अर्जात तो पर्याय मिळाला, हेही तितकेच खरे आहे. आरक्षणाची मागणी अजून पुढे आहे. जतच्या सीमेपलीकडे कर्नाटकाने २०२१ मध्ये शासकीय नोकरीत पारलिंगी व्यक्तींसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले. तालुक्यातले कार्यकर्ते ते उदाहरण आवर्जून देतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते राज्य एसटीच्या एका तिकिटाएवढ्या अंतरावर आहे.

[एका घराचा ओटा दिसतो. दोन व्यक्ती पाठमोऱ्या बसल्या आहेत.]

समलिंगी स्त्री-पुरुषांचे काय? त्यांच्या वाट्याला देवीची माळही आली नाही आणि अर्जातला रकानाही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद 'इतर' या लिंगाखाली झाली. समलिंगी माणसांची गणती कोणत्याच रकान्याखाली झालेली नाही. औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा मुलगा, कॉलेजात शिकवणारी बाई, द्राक्षबागेचा मालक, यांच्यापैकी कोण कोणावर प्रेम करते, हे गाव विचारत नाही. 'यंदा स्थळ बघायचं का?' एवढेच विचारते. त्या एका प्रश्नाने जिल्ह्यात किती लग्ने लागली असतील आणि किती मुली, काही एक कळण्याआधीच, दुसऱ्याच्या लपवाछपवीत भरडल्या गेल्या असतील, याचा विचार आपण करायला हवा. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. मात्र त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एकत्र राहणाऱ्या अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकच कुटुंब मानावे, आणि बँकेत संयुक्त खाते उघडण्यास त्यांना कोणतीही आडकाठी नाही. ही माहिती तालुक्याच्या गावी पोहोचवणे हेच आता काम आहे, कारण रेशन दुकानाच्या काउंटरवर ती आपोआप पोहोचत नाही.

[पुन्हा तीच खोली दिसते. दुपारचा उजेड खिडकीतून ट्रंकेवर पडला आहे.]

पिशवीत आता एक नवा कागद आला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारे ते पारलिंगी व्यक्तीचे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी मावशींनी प्रतिज्ञापत्र केले, नव्या नावाचा अर्ज एका तरुण कार्यकर्तीच्या मोबाइलवरून राष्ट्रीय पोर्टलवर भरला आणि समाजकल्याण कार्यालयात फेऱ्या घातल्या. प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशी त्यांनी ते दोनदा वाचले, मग कार्यकर्तीला मोठ्याने वाचायला लावले.

आज त्याच कागदाच्या आधारे बँकेत नव्या नावाने खाते उघडायचे आहे. कार्यकर्ती जमिनीवर बसून अर्जातला एकेक रकाना वाचते आणि मावशी उत्तर देतात. नाव विचारल्यावर त्या लगेच सांगतात, पत्ताही सांगतात. लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय छापलेला आहे, तो बोटाने दाखवतात. मग वडिलांच्या नावाचा रकाना येतो. पारलिंगी समूहातल्या ज्या गुरूने त्यांना पंचवीस वर्षे सांभाळले, तिच्यासाठी अर्जात जागा नाही; ज्या वडिलांनी सोळाव्या वर्षी घराबाहेर काढले, त्यांच्यासाठी आहे. मावशी बराच वेळ काही बोलत नाहीत. नंतर वडिलांचे पूर्ण नाव सांगतात, त्यातला जोडाक्षराचा एक भाग चुकू नये म्हणून दोनदा सांगतात, आणि सहीसाठी पेन मागून घेतात.