शिकाऱ्याच्या कागदावरचे कुत्रे

[पडद्यावर: पांढरा कागद. पेन्सिलीने काढलेली माणसं, कुत्रे, वॉलरस.]

या चित्राला क्षितिज नाही. डोंगर नाही, आभाळ नाही, बर्फसुद्धा नाही. माणसं आहेत, जनावरं आहेत, आणि मधली जागा कोरी.

चित्रकाराचं नाव पार. कॅनडाच्या उत्तरेला, बॅफिन बेटावरचे शिकारी. इनुइट, म्हणजे त्या बर्फाळ मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी. जन्म १८९३ चा. सगळी हयात गोठलेल्या समुद्रावर शिकार करण्यात गेली. तब्येतीने साथ सोडली तेव्हा, १९६१ मध्ये, ते केप डॉर्सेटच्या वस्तीत राहायला आले. या गावाला आता किन्गाइत म्हणतात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिथं त्यांनी चित्रं काढायला घेतली. १९६९ मध्ये ते गेले. मधल्या आठ वर्षांत त्यांच्या हातून दोन हजारांवर चित्रं झाली.

पेन्सिल दाबून धरायची त्यांची सवय. माणूस ज्या जोराने काढायचा, त्याच जोराने कुत्रा. मला ही चित्रं पाहताना हेच पहिल्यांदा जाणवलं. कुत्रा इथं शोभेला नाही, कोपऱ्यात बसलेला नाही. तो माणसांच्या रांगेत उभा आहे.

[पडद्यावर: पसरलेला बर्फ. लांबून येणारी कुत्र्यांची गाडी.]

इनुइट भाषेत कुत्र्याला म्हणतात किमिक. अनेक असले की किमीत. स्वतःचं नाव मिळणारा त्यांच्या जगातला हा एकच प्राणी. बाकी सील तो सील, अस्वल ते अस्वल. कुत्र्याला मात्र नावाने हाक मारायची.

गाडी ओढताना हे कुत्रे जोडीने, एकामागे एक बांधलेले नसतात. प्रत्येकाचा चामड्याचा दोर वेगळा, कमीजास्त लांबीचा. पुढे ते पंख्यासारखे फाकतात. झाडांच्या मुलखात असे दोर खोडांना गुंतून बसतील, पण इथं झाड नाहीच. आणि समुद्रावरच्या बर्फाला भेग पडली, एखादा कुत्रा पाण्यात गेला, तर तो बाकीच्यांना सोबत ओढून नेत नाही.

सीलला श्वास घ्यायला बर्फात भोक ठेवावं लागतं. वर बर्फ साचला की माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. कुत्र्याला वास येतो. अस्वलाला घेरून धरायचं, उन्हाळ्यात पाठीवर ओझं वाहायचं, वादळात दोन हात पुढचं दिसेनासं झालं की घरची वाट काढायची, हे सगळं त्याच्याकडे. पिल्लं घरात वाढायची, बायामाणसं त्यांना सांभाळायची, आणि लहान मुलं त्यांनाच छोट्या गाडीला जुंपून हाकायला शिकायची.

[पडद्यावर: छापखाना. सपाट दगडावर शाईचा रूळ फिरतो आहे.]

किन्गाइतमध्ये १९५९ पासून दरवर्षी छापचित्रांचा संच निघतो. जेम्स ह्यूस्टन हा कॅनेडियन कलावंत जपानात छपाई शिकून आला होता. इथल्या लोकांनी ती विद्या दगडावर आणली. चित्र दगडावर उतरवायचं, नको तो भाग कोरून काढायचा, उरलेल्या उंच भागाला शाई लावायची, वर पातळ जपानी कागद ठेवून हाताने घासायचं. ठरलेल्या प्रती निघाल्या की तो दगड घासून पुन्हा कोरा करतात. पार यांची काही चित्रं अशीच दगडावरून जगभरच्या संग्रहालयांत गेली.

याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं, ते सांगायलाच हवं.

[पडद्यावर: वस्तीतली लाकडी घरं. आवाज नाही.]

शाळा, दवाखाना, सरकारी मदत, यांपायी कुटुंबं आपले तळ सोडून वस्त्यांमध्ये येत होती. कुत्रे सोबत होते, आणि मोकळेच. कायदा म्हणत होता, कुत्रा बांधून ठेवा. बांधलेला कुत्रा बिघडतो, हे शिकाऱ्यांना ठाऊक होतं. कायदा काय म्हणतो ते अनेकांना कुणी त्यांच्या भाषेत समजावलंच नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकापर्यंत पोलिसांनी आणि इतर अधिकाऱ्यांनी कुत्र्यांना गोळ्या घातल्या. रोगराईनेही कळपच्या कळप गेले, स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटरगाडीही आली. पण अंगणात मालकासमोर मारलेला कुत्रा रोगराईच्या हिशेबात बसत नाही. कुत्रे गेले की शिकार गेली. शिकार गेली की माणूस वस्तीत अडकला, दुकानातल्या डब्यांवर आला.

पोलिसांनी २००६ मध्ये आपल्या अहवालात म्हटलं, हे लोकांच्या सुरक्षेसाठी होतं. मग इनुइट लोकांनीच नेमलेल्या किकिक्तानी, म्हणजे बॅफिन भागाच्या, सत्यशोधन आयोगाने गावोगावी जाऊन म्हाताऱ्यांची साक्ष घेतली. तीस-चाळीस वर्षं उलटली होती. माणसं बोलली.

नुनाविक या क्विबेक राज्याच्या उत्तर भागात राज्य सरकारने २०११ मध्ये चूक कबूल केली. केंद्र सरकारने बॅफिन भागाची माफी २०१९ मध्ये मागितली. नुनाविकची माफी मागायला नोव्हेंबर २०२४ उजाडलं. ज्यांचे कुत्रे मारले गेले त्यांतले किती तोवर हयात होते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पार यांचे कुत्रे मारले गेले असं मी म्हणत नाही. मी एवढंच पाहतो आहे, की ज्या दशकात त्या किनाऱ्यावरचे कुत्रे संपत होते, त्याच दशकात एक म्हातारा शिकारी रोज बसून कुत्रे काढत होता. मोजून, पुन्हा पुन्हा, दाबून.

[पडद्यावर: पहाट. बर्फावर भुंकण्याचा कल्लोळ.]

नुनाविकमध्ये २००१ पासून इवाक्काक नावाची शर्यत होते. इनुइट हाकणारे, इनुइट कुत्रे, गाव ते गाव शेकडो किलोमीटर. निघण्याआधी कुत्रे इतके उतावीळ होतात की गाडी धरून ठेवायला माणसं लागतात.

आता धरलेले हात सुटतात. भुंकणं एकदम थांबतं. दोर पंख्यासारखे फाकतात, आणि बर्फावर फक्त पायांचा आवाज राहतो.